पासवर्ड न टाकता कॉम्प्युटर सुरू करायचाय? आधी तो कुठे ठेवलाय ते पाहा

राळेगाव : लाईट गेली की कॉम्प्युटर बंद आणि आली की पुन्हा पासवर्ड टाका, हा वैताग दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. त्यावर विंडोजमध्येच उपाय आहे. त्याला ऑटो लॉगिन म्हणतात. बटण दाबले की पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप उघडतो. मात्र ही सोय प्रत्येक कॉम्प्युटरवर करण्यासारखी नाही.

अशी करा सेटिंग

कीबोर्डवर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या छोट्या चौकटीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही आठ इंग्रजी अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. 'युजर अकाउंट्स' नावाची खिडकी उघडेल. यादीतले आपले खाते निवडा आणि वरच्या 'युजर्स मस्ट एंटर...' या ओळीपुढची बरोबरची खूण काढा. 'अप्लाय' दाबल्यावर पासवर्ड दोनदा विचारला जाईल. येथे चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मग कॉम्प्युटर रिस्टार्ट करून पाहा.

विंडोज ११ मध्ये पुष्कळदा ही ओळ दिसतच नाही. तेव्हा सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स उघडा. तिथे फक्त विंडोज हॅलोने साइन-इन करू देणारा पर्याय बंद करा आणि पुन्हा सुरुवातीपासून करा. पुढे कधी खात्याचा पासवर्ड बदलला, तर ही सेटिंगही नव्याने करावी लागते.

कुठे चालेल, कुठे नाही

घरात एकटाच माणूस वापरतो असा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचे चित्र दाखवणारा किंवा वर्गात फक्त धडे दाखवणारा कॉम्प्युटर असेल, तर हरकत नाही. त्यावर कोणाची कागदपत्रे नसतात.

सेवा केंद्राच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र वेगळा. राळेगाव असो, वडकी असो की झाडगाव, शेतकरी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज अशा कामांसाठी तिथे येतो आणि आधार, बँक पासबुक देऊन जातो. स्कॅन केलेल्या प्रती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात. ब्राउझरमध्ये पोर्टलचे पासवर्डही सेव्ह असतात. ऑटो लॉगिन केले, की बटण दाबणाऱ्या कोणालाही हे सगळे उघडे. कॉम्प्युटर चोरीला गेला तरी तेच. दुरुस्तीला देतानाही या गोष्टीचा विचार करावा लागतो, कारण ऑटो लॉगिनसाठी दिलेला पासवर्ड त्याच कॉम्प्युटरमध्ये साठवलेला असतो आणि ॲडमिनचे अधिकार असलेल्या जाणकाराला तो काढता येतो.

नुकसान केंद्रचालकापेक्षा ज्याची कागदपत्रे आहेत त्याचे जास्त. आपले आधार कोणाच्या हाती लागले हे त्याला कळतही नाही.

मग वेळ वाचवायचा कसा?

पिन ठेवा. तो दोन सेकंदांत टाकून होतो आणि फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालतो. बोटाचा ठसा घेणारे विंडोज हॅलोचे उपकरण असेल तर आणखी सोपे. दोघे-तिघे काम करत असतील तर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा. जागेवरून उठताना विंडोजचे बटण आणि एल दाबले की स्क्रीन लॉक होते. ऑटो लॉगिन केलेल्या कॉम्प्युटरवरही ही सवय ठेवावी. काम झाले की लोकांची कागदपत्रे पुसून रिसायकल बिनही रिकामे करा.

ऑटो लॉगिन केलेले असेल आणि आता काढायचे असेल, तर त्याच खिडकीत जाऊन ती खूण परत लावा.

केंद्रात कागद देणाऱ्यांनीही काम झाल्यावर 'माझी फाइल डिलीट करा' असे सांगायला संकोच करू नये. आपल्या नावाने पैशांची फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.