संपत्तीच्या उगमाशी दारिद्र्य

वेस्ट व्हर्जिनिया या अमेरिकी राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. १९५० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ९८,८८७ होती; २०२० च्या जनगणनेत ती अवघी १९,१११ भरली. सत्तर वर्षांत दर पाच माणसांमागे चार माणसे उणावली. या काळात तेथे युद्ध झाले नाही की दुष्काळ पडला नाही. इतकेच नव्हे, ज्या कोळशासाठी ही वस्ती उभी राहिली तो कोळसाही अजून संपलेला नाही. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्रातील, उत्कृष्ट खनिजसंपत्तीवर वसलेला हा प्रदेश त्या राष्ट्रातील अत्यंत दरिद्री काउंटींत मोडावा, याचे कारण निसर्गाच्या कृपणतेत सापडणार नाही. ही संपत्ती आरंभापासून कोणाच्या नावावर होती, या प्रश्नाच्या उत्तरात ते सापडते.

काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय घटक. त्याची तुलना आपल्याकडील जिल्ह्याशी करण्याची रीत आहे. पण मॅकडॉवेलचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढेच आहे. ॲपलाचियन पर्वतराजीतील हा मुलूख उभ्या डोंगरांनी आणि अरुंद घळींनी भरलेला आहे. टग फोर्क ही येथील मुख्य नदी. एल्कहॉर्न हा ओढा वेल्च या मुख्य गावी तिला मिळतो. सपाट जमीन म्हणाल तर ती या ओढ्यानाल्यांच्या काठी, आणि तीही चिंचोळ्या पट्टीसारखी. या पट्टीतच रेल्वेचे रूळ, तीतच रस्ता आणि तीतच घरे. मोठी शेती येथे कधी होऊ शकली नाही, मोठे शहरही वसू शकले नाही. पाऊस अधिक झाला की ओढा घरात शिरतो. २००१ आणि २००२ साली लागोपाठ महापूर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा पूर येऊन जीवितहानी झाली आणि घरे, रस्ते, जलवाहिन्या वाहून गेल्या.

डोंगर एकाचा, कोळसा दुसऱ्याचा

१८८० साली या काउंटीत जेमतेम तीन हजार माणसे होती. डोंगरउतारावर मका पिकवावा, डुकरे पाळावीत, शिकार करावी असे त्यांचे जीवन होते. आपल्या पायांखाली काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती असे नाही. पण त्याचे मोल काय, हे ठाऊक असणारी माणसे वेगळी होती. १८७३ मध्ये आयझाया वेल्च या माजी लष्करी अधिकाऱ्याने जेडेडाया हॉचकिस या नकाशाकारासाठी या भागाची पाहणी केली. वेल्च हे गाव त्याच्याच नावाचे. पोकाहोंटास नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेला हा कोळसा धूर कमी करणारा, गंधक कमी असलेला आणि पोलादाच्या भट्टीला लागणारा कोक बनविण्यास अत्यंत योग्य असा निघाला. त्यानंतर बाहेरचे भांडवल आले, दलाल आले. डोंगरातील रहिवाशांनी आपल्या जमिनी किंवा जमिनीखालच्या खनिजांचे हक्क नाममात्र किमतीला लिहून दिले. नॉरफोक अँड वेस्टर्न ही रेल्वे कंपनी १८८० च्या दशकात या खोऱ्यात शिरली, आणि १९०१ मध्ये तिने या पट्ट्यातील दोन लाख एकरांहून अधिक जमीन आपल्या ताब्यातील एका कंपनीमार्फत खरेदी केली. म्हणजे कोळसा वाहून नेणारी रेल्वे आणि कोळशाची जमीनदार एकच झाली. खाणमालकांनी तिच्याकडून जमीन भाड्याने घ्यायची, दर टनामागे तिला स्वामित्वधन द्यायचे, आणि माल तिच्याच डब्यांतून पाठवायचा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत एक पक्ष कोठेच नव्हता. तो म्हणजे तेथे राहणारा माणूस. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया येथील भागधारकांना लाभांश मिळाला, पिट्सबर्गच्या भट्ट्यांना कोक मिळाला; काउंटीला मजुरी मिळाली. मजुरी ही काम असेतोवरच असते. मालकी काम संपल्यावरही उरते. मॅकडॉवेलचा पुढचा सारा इतिहास या एका भेदाचा विस्तार आहे.

मजुरांचे जग

मजुरी मात्र भरपूर होती आणि तिच्या मागे माणसांचा लोंढा आला. १९०० मध्ये १८,७४७ असलेली लोकसंख्या १९१० मध्ये ४७,८५६ झाली आणि १९३० मध्ये नव्वद हजारांवर गेली. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा येथून कृष्णवर्णीय आले. इटली, हंगेरी, पोलंड येथून स्थलांतरित आले. १९०२ पासून युनायटेड स्टेट्स स्टील या महाकाय कंपनीने गॅरी आणि आसपासच्या वसाहती उभ्या केल्या. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, पाण्याचा नळही कंपनीचाच. अनेक ठिकाणी पगार रोखीऐवजी कंपनीच्या टोकनांत आगाऊ दिला जाई, आणि ती टोकने कंपनीच्या दुकानातच चालत. सावकाराच्या वहीशी परिचय असलेल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही या काउंटीची एक बाजू अभिमानास्पद आहे. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला जात असताना वेस्ट व्हर्जिनियात तो शाबूत होता, आणि खाणीत टनामागे मिळणारी मजुरी वर्णानुसार बदलत नव्हती. शाळा आणि वस्त्या वेगळ्या होत्या, हे खरे. पण मतपेटी एक होती. कीस्टोन या गावचे वकील हॅरी केपहार्ट राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि झुंडीने माणसे मारण्याविरुद्धचा १९२१ चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला गेला. त्याच कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची १९२८ मध्ये विधिमंडळावर नेमणूक झाली. अमेरिकेतील कोणत्याही विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. त्याच वर्षी किंबल येथे पहिल्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारकभवन उभे राहिले.

कामगारांना संघटना मिळविण्यासाठी मात्र रक्त सांडावे लागले. शेजारच्या मिंगो काउंटीतील मेटवान गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड कामगारांची बाजू घेई. १ ऑगस्ट १९२१ रोजी तो खटल्यासाठी वेल्च येथे आला असता न्यायालयाच्या पायऱ्यांवरच खाणमालकांच्या भाडोत्री हस्तकांनी त्याला आणि त्याच्या सोबत्याला गोळ्या घालून ठार केले. कोणालाही शिक्षा झाली नाही. या हत्येच्या संतापातून हजारो सशस्त्र खाणकामगार निघाले आणि ब्लेअर पर्वतावर त्यांची लढाई झाली. संघटनेला कायद्याचे संरक्षण मिळण्यास १९३३ साल उजाडावे लागले. पुढेही धोका सरला नव्हता. जानेवारी १९४० मध्ये बार्टली येथील स्फोटात ९१ कामगार मृत्युमुखी पडले.

यंत्र आले, माणूस गेला

१९५० हे या काउंटीच्या वैभवाचे शिखर आणि तेच तिच्या उतरणीचा आरंभ. वेल्चच्या रस्त्यांवर तेव्हा इतकी गर्दी असे, की नगरपालिकेने १९४१ मध्येच मोटारी ठेवण्यासाठी बहुमजली इमारत बांधली होती. १९५० मध्ये खाणकामगार संघटनेचे नेते जॉन लुईस यांनी मालकांशी करार केला. चांगले वेतन आणि टनामागे कल्याणनिधीत ठरावीक रक्कम, याच्या मोबदल्यात यांत्रिकीकरणाला संघटनेने आडकाठी केली नाही. लुईस यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. थोड्या कामगारांना चांगले जीवन मिळणे हे पुष्कळांच्या अर्धपोटी जगण्यापेक्षा बरे, असे ते मानीत. शिवाय निधी टनांवर अवलंबून असल्याने उत्पादन वाढण्यात संघटनेचेही हित होते. पण ज्यांच्या हातचे फावडे यंत्राने घेतले त्यांचे काय, याचे उत्तर करारात नव्हते. पुढच्या दहा वर्षांत काउंटीतून साडेसत्तावीस हजार माणसे घटली. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, शिकागो येथील कारखान्यांकडे बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे निघाली. खाणीतील सर्वांत कष्टाच्या हातकामावर असलेले कृष्णवर्णीय आधी बाहेर फेकले गेले.

१९६० च्या प्राथमिक निवडणुकीत जॉन केनेडी येथे हिंडले आणि त्यांनी भूक पाहिली. २९ मे १९६१ रोजी फूड स्टॅम्प योजनेची, म्हणजे धान्यखरेदीसाठी सरकारने द्यावयाच्या कुपनांची, सुरुवात वेल्चमध्येच झाली. बेकार खाणकामगाराच्या एका मोठ्या कुटुंबाला पहिली ९५ डॉलरची कुपने कृषिमंत्र्यांच्या हस्ते मिळाली. ज्या भूमीतील कोळशावर देशाचे पोलाद वितळले, त्याच भूमीत देशाला अन्नसाहाय्याचा प्रयोग आरंभावा लागला.

१९८० च्या दशकात दुसरा घाव बसला. अमेरिकी पोलाद उद्योग मंदीत सापडला आणि युनायटेड स्टेट्स स्टीलने गॅरीच्या खाणी बंद केल्या. त्या दहा वर्षांत आणखी साडेचौदा हजार माणसे कमी झाली. कंपनी जाताना केवळ काम घेऊन गेली नाही. कंपनीने घातलेले नळ तिच्यामागे कोणी दुरुस्त करीना. गंजलेल्या वाहिन्यांमुळे अनेक वस्त्यांत पाणी उकळून पिण्याच्या सूचना वर्षानुवर्षे टिकल्या, आणि माणसे रस्त्याकडेच्या झऱ्यांवर पिंपे घेऊन जाऊ लागली. खाणीत पाठ मोडलेल्या माणसांच्या वेदनेवर १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी बाजारात आली. तिच्या व्यसनकारकतेविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा परड्यू या औषध कंपनीने २००७ मध्ये कबूल केला. तोवर मॅकडॉवेलमध्ये व्यसनाने घरेच्या घरे पोखरली होती. २०१० च्या आकड्यांनुसार येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षे, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा बारा वर्षांनी कमी होते. किंबल येथील वॉलमार्टचे मोठे दुकान जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा नोकऱ्यांबरोबर ताज्या भाजीपाल्याची सोयही गेली.

अशा प्रदेशाचा राजकीय विश्वास डळमळला तर नवल नाही. २००८ मध्ये ओबामांना बहुमत देणाऱ्या या काउंटीने २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे पाऊणपट मते दिली. याला वर्णद्वेष किंवा अज्ञान असे एकच नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण कोळसा परत आणू, असे निदान कोणी तरी म्हणत होते, ही गोष्टही विसरता येत नाही.

शाळा आणि शिक्षक

या पडझडीत टिकून राहिलेली संस्था म्हणजे शाळा. शाळामंडळ हे आज येथील प्रमुख नोकरदात्यांपैकी एक आहे. पण शिक्षक मिळणे कठीण. आणि मिळाला तर त्याला राहण्याजोगे घर मिळणे त्याहून कठीण. अमेरिकन शिक्षक महासंघाने २०११ पासून येथे चालविलेल्या पुनर्रचनेच्या कार्यात म्हणूनच वेल्चमध्ये शिक्षकांसाठी निवासी इमारत बांधण्याचा समावेश करावा लागला. शिक्षणाचा पेच येथे दुहेरी आहे. कोलवुड या खाणगावातील होमर हिकम हा मुलगा १९५७ मध्ये आकाशातून जाणारा स्पुटनिक पाहून अग्निबाण बनवू लागला आणि पुढे नासाचा अभियंता झाला. त्याच्या आठवणींवर ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. गावाला त्याचा अभिमान आहे. पण हिकमची कथा ही गाव सोडून जाण्याचीच कथा आहे. शाळा जितकी चांगली, तितके तिचे विद्यार्थी दूर जाणार, आणि ती वाईट असेल तर राहणाऱ्यांनाही काही उरणार नाही. आपल्याकडील दुर्गम भागात शिकविणाऱ्या शिक्षकाला ही कोंडी अनोळखी वाटू नये.

तरी जुना पीळ सर्वस्वी गेलेला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्व ५५ काउंटींतील शिक्षक संपावर गेले. त्याची पहिली ठिणगी दक्षिणेकडील कोळसापट्ट्यातच पडली. संपकाळात मुले उपाशी राहू नयेत म्हणून शिक्षकांनी शिदोऱ्या बांधून घरोघर पोहोचविल्या, कारण पुष्कळ मुलांचे दिवसाचे मुख्य जेवण शाळेतच होत असे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाच टक्के पगारवाढ मिळवूनच शिक्षक कामावर परतले.

काउंटीचे पुढे काय, या प्रश्नाला उत्तरे अनेक सुचविली जातात. २०१० मध्ये केंद्र सरकारचा तुरुंग आला. डोंगरवाटांवर चारचाकी दौडविणाऱ्या पर्यटकांसाठी मार्ग आखले गेले. कोळसाही निघतो आहे, पण त्याला माणसे थोडी लागतात. या राज्यातील कोकिंग कोळसा नॉरफोक बंदरातून भारतातही येतो, आणि २०१० मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या जे. एस. डब्ल्यू. स्टीलने वेस्ट व्हर्जिनियात खाणी विकत घेतल्या होत्या. तेव्हा दूरच्या मालकांच्या यादीत आता आपलीही भर पडू शकते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

जमिनीचा मोठा भाग आजही बाहेरच्या कंपन्यांच्या नावावर असल्याने कारखाना काढायचा म्हटले तर जागा नाही, घर बांधायचे म्हटले तर जागा नाही. टनामागे काढून घेतलेल्या स्वामित्वधनाचा एखादा ठरावीक अंश शंभर वर्षे काउंटीच्या कायम निधीत पडत गेला असता, तर कोळशानंतरच्या दिवसांसाठी पाणी, शाळा आणि दवाखाने यांची तरतूद झाली असती. ती झाली नाही, कारण ती मागण्याचा हक्क ज्यांना असायला हवा होता त्यांनी तो पहिल्याच दस्तऐवजावर सही करताना गमावला होता. जेथे जेथे आज जमिनीखालच्या धनासाठी करार लिहिले जात आहेत, तेथे सही करण्यापूर्वी मॅकडॉवेलचे हे १९,१११ रहिवासी आठवावेत.