जुन्या मोटारीचा मागील बीम

अहिल्यानगर शहरालगतची नागापूरची औद्योगिक वसाहत मनमाड रस्त्यावर आहे. अशा वसाहतींत कामाला जाणाऱ्या शेतकरी कुटुंबांत जुनी मोटार घेण्याचा प्रघात आता पुष्कळ रूढ झाला आहे. तीच मोटार पाळीच्या वेळी माणसे नेते आणि सुटीच्या दिवशी कांद्याच्या गोण्या व पेंडीची पोती वाहते. घेताना इंजिन ऐकले जाते, रंग पाहिला जातो. मात्र हा सारा भार ज्यावर पडतो तो मागील बीम वाकून पाहणारे गिऱ्हाईक विरळा.

पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत मागील दोन्ही चाकांचे दांडे एका आडव्या बीमने जोडलेले असतात. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये ही रचना होती. आपल्याकडे २००५ साली आलेल्या मारुती स्विफ्टमध्येही तीच आहे. बैलगाडीचा आस जितका ताठ तितका चांगला. या बीमचे तसे नाही. एक चाक खड्ड्यात गेले असता त्याने किंचित पिळले जावे, म्हणून तो मुद्दाम उघड्या पन्हळीसारखा घडविलेला असतो. गावचा वेल्डर मजबुतीच्या हेतूने त्या पन्हळीवर लोखंडी पट्टी मारतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. पिळण्यास वाव न उरल्याने ताण वेल्डिंगच्या कडेस एकवटतो आणि तेथूनच चीर निघते. भरधाव गाडीत ती उघडली तर मागील चाक तिरपे होते व मोटार ताब्यात राहत नाही. पट्टी मारलेला बीम दिसल्यास तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा, अथवा सौदा सोडावा.

तपासणीस टायरपासून आरंभ करावा. मागील टायर एकाच कडेने झिजला असेल तर बीम वाकल्याचा संशय घ्यावा. बहुतेक मोटारींत ही चाके सरळ करण्याची सोयच नसते. पुढची चाके सरळ ठेवून पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर दोन्ही बाजूंस टेपने मोजावे. फरक आढळल्यास अलाइनमेंटच्या यंत्रावर खात्री करून घ्यावी.

नंतर मोटार पक्क्या घोड्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. पन्हळीत साचलेला चिखल काढून तारेच्या ब्रशने गंज खरवडावा व हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. पापुद्रे सुटत असल्यास पत्रा खाल्ला गेला आहे. दांडा व बीम यांच्या सांध्यावर रॉकेल लावून कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असल्यास तिच्यातील रॉकेल पाझरून पुडीवर ओली रेघ उमटते. चिरलेला वा वाकलेला बीम बदलावाच.

बीम निर्दोष असून केवळ पुढील टोकांचे रबरी बुश फाटले असतील, तर काम थोडक्यात आटोपते. खड्ड्यावरून जाताना मागून ठोक्याचा आवाज येणे हे त्याचे एक लक्षण. जुना बुश जाळून काढू नये. प्रेसवरच काढावा आणि तो कोणत्या दिशेने बसला होता याची खूण आधी करून ठेवावी. गंज काढलेल्या भागास प्रायमर व रंग द्यावा, पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळके तेल फवारण्याची चाल आहे. त्या तेलाने रबर फुगते, म्हणून बुशांना ते लागू देऊ नये.

मिस्त्रीकडून हमखास चुकणारी गोष्ट अखेरच्या आवळणीची. गाडी उचललेली असताना चाके लोंबत असतात. त्या स्थितीत बुशाचे बोल्ट पक्के आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलेले राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. बोल्ट आधी सैल लावावेत, मोटार चाकांवर उभी करावी आणि मगच उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. ब्रेकची नळी सोडली असल्यास हवा काढून पेडल तपासावे. काही दिवस गाडी चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा पाहावेत.