आई आजीला ‘आत्या’ का म्हणते?

मुलांनो, तुमची आई तुमच्या आजीला काय म्हणून हाक मारते? म्हणजे बाबांच्या आईला हं! आमच्या कोल्हापूरकडे पुष्कळ घरांत सून सासूला ‘आत्या’ म्हणते आणि सासऱ्यांना ‘मामा’. आत्या म्हणजे तर वडिलांची बहीण. मग सासू आत्या कशी झाली?

हा प्रश्न माझा नाही. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर नात्यांची नावं लिहीत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘‘बाई, माझी आई आज्जीला आत्या म्हनती. पन ती काय खरी आत्या न्हवं. मग असं का?’’

मी सांगितलं, ‘‘आपल्याकडे पूर्वी मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत होती. काही घरांत अजूनही आहे. आता बघा, मुलीचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं, तर तिची सासू कोण?’’

‘‘आत्या!’’ सगळे ओरडले. रीत कमी झाली, पण हाक मात्र राहिली.

तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, माझ्या आईचं लग्न तर तिच्या मामाशीच झालंय.’’ तिचं घर मूळचं कर्नाटकातलं. घरी सगळे कानडी बोलतात. वर्गात हशा पिकला. खरं सांगते, क्षणभर मलाही हसू आलं. ती पोर मात्र मान खाली घालून बसली. ते पाहून माझं हसू मावळलं. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना इरावतीबाईंची गोष्ट सांगितली.

इरावती कर्वे यांचा जन्म 1905 साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्याला आल्या. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई झाल्या आणि मानववंशशास्त्र शिकायला जर्मनीत बर्लिनला गेल्या. माणसांचे समाज, त्यांच्या चालीरीती, नातीगोती यांचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र.

तिथले त्यांचे प्राध्यापक होते ऑयगेन फिशर. गोरे युरोपीय लोक जन्मतःच जास्त बुद्धिमान असतात, असं त्यांना वाटे. त्यांच्या डोक्याच्या कवटीची एक बाजू मोठी असते आणि तोच बुद्धीचा पुरावा, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. काय आढळलं? कवटी दोन्ही बाजूंना थोडी वेगळी असते खरी, पण त्याचा वंशाशी काहीच संबंध नाही!

आता पंचाईत! परदेशात एकटी मुलगी आणि समोर एवढे मोठे गुरुजी. पण इरावतीबाईंनी जे दिसलं तेच लिहिलं. पुढे हिटलरच्या नाझी राजवटीत फिशर यांच्यासारख्यांच्या विचारांचा आधार घेऊन माणसांवर भयंकर अत्याचार झाले. म्हणूनच त्या मोजमापाचं मोल फार मोठं आहे.

भारतात परतल्यावर 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करू लागल्या. पुण्याच्या रस्त्यांवरून त्या स्कूटर चालवत! त्या देशभर हिंडल्या. कोण कुणाला काय म्हणतं, लग्न कुणाशी चालतं आणि कुणाशी चालत नाही, हे त्यांनी विचारून विचारून टिपलं. नात्यांवरचं त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक 1953 साली निघालं. महाभारतावरचं त्यांचं ‘युगान्त’ तर तुम्ही मोठेपणी जरूर वाचा. त्याला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

गोष्ट संपली. मी म्हटलं, ‘‘चला, आता आपण इरावतीबाई व्हायचं. हसायचं नाही, नुसतं विचारायचं.’’

पहिला प्रश्न त्या मुलीला. ‘‘तुमच्यात आत्याला काय म्हणतात गं?’’

‘‘अत्ते.’’

‘‘आणि सासूला?’’

‘‘ती पण अत्तेच.’’

वर्ग गप्प झाला. आम्ही ज्या प्रश्नावर अडलो होतो, त्याचं उत्तर तिच्या भाषेत एका शब्दात होतं!

मग शेवटच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आले आहेत. तो म्हणाला, ‘‘बाई, आमच्यात मामाची मुलगी बहीण असते. राखी बांधते. तिच्याशी लग्न होतच नाही.’’

इरावतीबाईंच्या पुस्तकात हेच आहे बरं का! उत्तरेत आईकडच्या नात्यात लग्न करत नाहीत. दक्षिणेत मामा-भाचीचंही लग्न होतं. महाराष्ट्र मधोमध. इथल्या पुष्कळ समाजांत मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा चालत नाही. अख्ख्या देशाचा नकाशा आमच्या एका वर्गात बसला होता आणि आम्ही हसत होतो!

जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न झालं, तर काही आनुवंशिक आजार मुलांत येण्याची शक्यता वाढते, असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे आता लोक विचार करूनच ठरवतात. रिवाज बदलतात, बदलावेतही. पण त्यासाठी कुणा मुलीला मान खाली घालायला लावू नये.

त्या दिवशी तिनं फळ्यावर कानडी अक्षरांत ‘अत्ते’ लिहिलं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीसुद्धा!

करून पाहा : एका कागदावर तुमच्या घरातली नाती लिहा. कोण कुणाला काय हाक मारतं, ते आजी-आजोबांना विचारा. मग वेगळी भाषा बोलणाऱ्या मित्राच्या घरी जाऊन तेच विचारा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. काय सारखं निघालं, काय वेगळं? फक्त एक नियम पाळा. हसायचं नाही!