हवेवरचे बिऱ्हाड

परळच्या रेल्वे वर्कशॉपात माझी सारी नोकरी फिटर म्हणून गेली. जी. आय. पी. रेल्वेच्या काळातला, १८७९ सालचा तो कारखाना. तिथे लोखंडाशी झुंजणारे पुष्कळ होते. माझ्या वाट्याला हवा आली. ब्रेकच्या नळ्यांतून ती कुठे निसटते ते शोधायचे. पूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकात कारभारच उलटा, गळती म्हणजे बाहेरची हवा आत शिरणे. पुढे दाबाच्या हवेचे ब्रेक आले आणि साबणाच्या फेसाला बरे दिवस आले. सांध्यावर फेस फासायचा. बुडबुडा फुगला की चोर सापडला.

ही हवा आता ब्रेकपुरती राहिलेली नाही. २००७ पासून मुंबईत ज्या नव्या लोकल आल्या, त्यांचे डबे हवेच्या रबरी उशांवर बसवलेले आहेत. दादरला माणसांचा लोंढा आत घुसतो, तरी डब्याची फरशी फलाटापासून फारशी खाली जात नाही. डबा दबला की एक छोटा व्हॉल्व्ह उशीत हवा भरतो, उचलला गेला की सोडतो. मोठ्या आरामबसेसना आणि परदेशातल्या मोटारहोमना हीच युक्ती वापरतात.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. चूल, पलंग, न्हाणीघर, सगळे आत. मिनेसोटातल्या माझ्या भाच्याने असे एक जुने बिऱ्हाड विकत घेतले आहे. माझ्या बहिणीला ते मुळीच पसंत नाही. “एवढं घर असताना रस्त्यावर कशाला झोपायचं?” असे ती अजून म्हणते. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे पारा शून्याखाली गेला आणि हे बिऱ्हाड रोज सकाळी मागच्या बाजूने तिरके बसलेले दिसू लागले. दोन लहान मुलांना घेऊन लांबचा प्रवास ठरलेला. तिथल्या एका कारखान्याने गाडी दिवसभर उबदार शेडमध्ये ठेवली आणि “गळती नाही” असे सांगून परत पाठवली. तेव्हा भाच्याला मामा आठवला.

आपल्याला थंडीची कल्पना ती काय! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला, त्याचे कौतुक आपण अजून करतो. पण थंडीत हवा आकसते हे तिथेही खरे, इथेही खरे. संध्याकाळी १५ अंश असलेली हवा पहाटे उणे १० झाली, तर तिचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे गळती नसतानाही गाडी जराशी बसणारच. मात्र चारी कोपऱ्यांत. मी त्याला चारी चाकांवरच्या कमानींची उंची रात्री आणि सकाळी मोजायला सांगितले. तीन कोपरे बोटभर उतरले होते, मागचा उजवा चार बोटे.

“मामा, आत्ता खाली शिरून बघतो,” तो म्हणाला. मी फोनवरच ओरडलो. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी जात नाही! उशी रिकामी व्हायला क्षण पुरतो आणि खाली माणूस मावेल एवढी जागा उरत नाही. आधी चाकांना अटकाव, मग सांगाड्याखाली भक्कम लोखंडी स्टँड, आणि मुले घरात. एवढे होईपर्यंत मी पुढचे सांगितलेच नाही.

दोष थंडीत दिसतो, म्हणून तपासही थंडीतच हवा. रबर गारठले की कडक होते आणि सांध्यातल्या फटीत नीट बसत नाही. उबेत आले की पुन्हा मऊ होऊन फट बुजवते. शेडमधल्या मंडळींना बुडबुडा दिसला नाही तो म्हणूनच. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले, त्याच्याही मुळाशी गारठलेले रबरी कडेच होते. चौकशीच्या वेळी शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तसले रबर बर्फाच्या पाण्यात बुडवून सर्वांसमोर दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उणे ९ अंशांत, भाच्याने इंजिन चालवून हवेची टाकी भरली आणि इंजिन बंद केले. साबणाचे पाणी तिथे गोठते, म्हणून त्यात काच धुण्याचे न गोठणारे द्रावण मिसळले. टाकीचा खालचा नळ उघडायलाही मी सांगितले होते. चांगले वाटीभर पाणी निघाले. दाबलेल्या हवेतली वाफ अशी साचते आणि व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन बसते. नळी शेगडीने तापवू नकोस, असे बजावले, कारण त्या नळ्या नायलॉनच्या असतात.

उशी ठणठणीत निघाली. उजव्या व्हॉल्व्हपाशी नळी जिथे शिरते, त्या सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू वाटाण्याएवढा झाला. फोनच्या पडद्यावर परळच्या माझ्या खोलीतून मी तो पाहिला. आतले रबरी कडे चहाच्या बशीसारखे कडक झाले होते. त्याने ते नवे बसवले, नळीचे झिजलेले टोक सरळ कापून पुन्हा आत सरकवले आणि पाण्यामुळे ओला झालेला हवा सुकवण्याचा फिल्टरही बदलला.

तीन रात्री त्याने उंची मोजली. चारी कोपरे बोटभरच उतरत होते. चौथ्या दिवशी मंडळी निघाली. बहिणीने मात्र रात्री हॉटेलात उतरण्याचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही.