पहिली कळशी पिण्याची नको

बाळाला जुलाब लागले की आई म्हणते, "बाहेरचं काही खाल्लं नाही हो ताई." तेव्हा आम्ही विचारतो, "पाणी सुटल्यावर पहिली कळशी कशासाठी भरता?" बहुतेक घरांतून उत्तर येतं, "पिण्यासाठी."

एका गल्लीत जुनी लोखंडी नळी कापून काढली, तेव्हा आम्ही तो तुकडा हातात घेऊन पाहिला. आत गंजाचे फोडच फोड. अर्धा इंची नळी साधारण १५ मिलिमीटरची. सगळीकडून २ मिलिमीटर गंज चढला की वाट उरते ११ मिलिमीटर, म्हणजे पाण्याला जागा जवळजवळ निम्मीच. शिवाय खडबडीतपणा पाणी अडवतो, तो वेगळा. जर्मनीतल्या निकुराडझे या शास्त्रज्ञाने नळ्यांच्या आत वाळू चिकटवून हे मोजलं आणि १९३३ साली छापलं. पाणी जोरात असेल, तर कण जितके जाड तितका अडथळा जास्त.

पण धार बारीक होण्यावर हे थांबत नाही. नळीच्या मधोमध पाणी धावतं, मात्र दोन फोडांमधल्या खाचेत ते जागीच घुटमळतं. धारेतलं क्लोरीन तिथे नीट मिसळत नाही, आणि पोहोचतं त्यातलं बरंचसं गंजच संपवतो. त्या आडोशाला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. पाणी सुटलं की पहिल्या झोतात तो थर आणि गंज सुटून कळशीत येतो.

म्हणून पहिलं पाणी धुण्याला घ्या, धार स्वच्छ झाल्यावरच पिण्याचं भरा. आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट करून घ्या. पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. पिवळा रंग आलाच नाही, तर पाणी उकळा, किंवा क्लोरीनचं औषध सांगितलेल्या मापाने टाकून अर्धा तास झाकून ठेवा. प्लॅस्टिकचा कॅन तारेच्या घासणीने घासू नका, ओरखड्यांतही असाच थर बसतो.

उकळणं घरात होईल, पण गल्लीतली नळी बदलणं एकट्या आईचं काम नाही. दहा घरांनी मिळून लेखी अर्ज द्या. पाणी तांबूस आलं त्या तारखा लिहा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.