खिडकी हवी, पण कुठल्या बाजूची?

एसटीत कुठे बसायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. सकाळी पुण्याहून कोल्हापूरला निघालं की ऊन डावीकडून येणार, म्हणून माणसं उजवीकडच्या सीटवर रुमाल टाकतात. तीच माणसं विमानाचं तिकीट काढताना मात्र ‘खिडकी मिळाली ना, मग झालं’ म्हणून मोकळी होतात, नाहीतर ‘डावी बाजू चांगली, ए घ्या’ अशा ऐकीव सल्ल्यावर जादा पैसे मोजतात.

कुठलीच बाजू जात्या चांगली नसते. विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ‘ए’ डावीकडे, आणि आपल्याकडच्या बहुतेक एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ विमानांत ‘एफ’ उजवीकडे. मुंबई–दिल्ली विमान उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून जातं. सकाळी ऊन ‘एफ’वर, सावली ‘ए’ला. संध्याकाळी बरोबर उलट. आता ‘परतीला बाजू बदलायची’ हा सल्लाही पडताळून पाहा. सकाळी दिल्लीला जाऊन संध्याकाळी मुंबईला परतणाऱ्याची दिशा फिरते, पण तोवर सूर्यही पूर्वेकडून पश्चिमेला गेलेला असतो. म्हणजे त्याला दोन्ही वेळा ‘ए’लाच सावली. बाजू बदलायची ती जाणं-येणं दोन्ही सकाळी किंवा दोन्ही संध्याकाळी असेल तेव्हा.

‘भर दुपारी सूर्य डोक्यावरच असतो, मग कुठेही बसा’ हे मे महिन्यापुरतं खरं आहे. मेच्या मध्यावर मुंबईत दुपारी सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर येतो, आणि विमानाचं छप्पर दोन्ही बाजूंना सारखीच सावली देतं. डिसेंबरअखेर मात्र मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७–४८ अंश वर चढतो, दिल्लीत ३८ अंश, आणि तोही दक्षिणेला कललेला. थंडीत दुपारच्या मुंबई–नागपूर विमानात उजवीकडचा प्रवासी गाल भाजून घेतो आणि डावीकडचा निवांत पेपर वाचतो. उन्हाळ्याचं ऊन कडक खरं, पण दुपारच्या वेळी खिडकीतून आत घुसतं ते हिवाळ्याचं.

सगळ्यांत पक्का बसलेला गैरसमज म्हणजे सावली हवी असेल तर देखाव्यावर पाणी सोडावं लागतं. मला तर बहुतेक वेळा नेमकं उलट वाटतं. सूर्याच्या बाजूला हवेतला धुरकटपणा उजळून निघतो आणि खिडकीच्या प्लास्टिकवरचा प्रत्येक ओरखडा चमकायला लागतो. फोटोत डोंगर येत नाही, ओरखडेच येतात. सावलीच्या बाजूने पाहताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि समोरचा मुलूख स्वच्छ उजळलेला दिसतो. सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीसाठी दिल्लीहून बागडोगऱ्याला जाणारं विमान पूर्वेकडे जातं. हिमालय उत्तरेला, म्हणजे डावीकडे. दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असेल तर त्याच ‘ए’च्या खिडकीतून ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट आणि ८,५८६ मीटरचं कांचनजुंगा, दोन्ही दिसू शकतात, आणि तेही सावलीत बसून. येताना ‘एफ’.

सावलीच्या बाजूला आणखी एक गोष्ट दिसते, ती उन्हाच्या बाजूला दिसणं शक्यच नाही. खाली ढगांचा सपाट थर असेल तेव्हा सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पाहावं. ढगांवरून विमानाची सावली पळत असते आणि तिच्याभोवती रंगीत कडं असतं, आत निळसर, बाहेर तांबूस. लोक त्याला इंद्रधनुष्य म्हणतात, पण ते इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची. हे कडं फार तर काही अंशांचं. ढगातल्या अगदी बारीक थेंबांकडून प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने माघारी फिरतो, त्यातून ते तयार होतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र ते हेच, आणि त्यासाठी ट्रेकर मंडळी पावसाळ्यात धुकं आणि ऊन एकाच वेळी मिळण्याची वाट बघत बसतात. विमान ढगांच्या जवळ असताना सावली मोठी दिसते. तेव्हा कड्याचा मध्य कुठे आहे ते नीट पाहावं. पुढच्या रांगेतल्याला तो सावलीच्या नाकाजवळ दिसतो, मागच्याला शेपटीजवळ. प्रत्येकाचं कडं त्याच्या स्वतःच्या जागेभोवती!

अपवाद सूर्योदय-सूर्यास्ताचा. तो पाहायचा तर ऊन सोसायला हवं. थंडीत संध्याकाळी मुंबईहून दुबईला जाताना डावीकडे बसावं. विमान सूर्याच्या मागे धावत असल्यामुळे मावळतीचा सोहळा जमिनीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ चालतो.

‘ऊन आलं तर शटर ओढू’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी केबिन क्रू ते उघडायला लावतात. बाहेर आग-धूर काही असेल तर लगेच दिसावं आणि डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असावेत, म्हणून. त्यात मुंबईत विमानं बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे संध्याकाळी शेवटची काही मिनिटं तिरपं ऊन कुठल्याही बाजूला गाठू शकतं. ते टाळण्याचा उपाय नाही. पण त्याच वेळी उजवीकडच्यांना पवई तलाव दिसतो, हेही खरं.

आता रांग. पंखावरची सीट वाया गेली असं समजू नये. तिथे हादरे कमी जाणवतात, फक्त खालची जमीन झाकली जाते. ३२० मध्ये ढोबळमानाने दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत पंख आडवा येतो. त्याच्या लगेच मागे बसलं तर इंजिनाच्या गरम झोतामुळे खालचं दृश्य थरथरतं, म्हणून जमीन पाहायची तर पंखाच्या पुढे. छोट्या एटीआर विमानात पंख खिडक्यांच्या वर असतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही. आणि ‘खिडकीची सीट’ म्हणजे खिडकी असणारच, हेही गृहीत धरू नये. खिडक्यांमधलं अंतर विमानाच्या सांगाड्याने ठरतं, सीटमधलं अंतर विमान कंपनी ठरवते. दोन्ही जुळत नाहीत. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या किंचित पुढे भिंतीतून वातानुकूलनाच्या नळ्या वर जातात, तिथे खिडकीच नसते. पैसे भरण्याआधी त्या विमानाचा सीटचा नकाशा उघडून तेवढी रांग तपासून घ्यावी.