शिवाशिवी आणि तीन सेकंद : अंगणवाडीतील मधल्या सुट्टीचे मोजमाप

'मधली सुट्टी' या शब्दप्रयोगात दोन पाठांमधील रिकामा वेळ असा अभाववाचक अर्थ गृहीत धरलेला आहे. तीन ते सहा वर्षांच्या बालकांच्या बाबतीत हा अर्थ फसवा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूत्रांनुसार तीन व चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी व त्यांपैकी किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी. यातील जोमदार भाग बसून चालणाऱ्या पाठात साधणे शक्यच नाही. तो अंगणातच साधावयाचा.

तथापि बालकांची हालचाल प्रौढांप्रमाणे सलग नसते. अमेरिकेत सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे निरीक्षण करून बेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले की, तीव्र हालचालीच्या एका आवेगाचा मध्यक कालावधी अवघा तीन सेकंद असतो. मराठीने ही गोष्ट आपल्या शब्दघटनेत केव्हाच टिपून ठेविली आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. शिवाशिवी, पळापळी, ओढाओढी, ढकलाढकली ही द्विरुक्त नामे पाहावीत. अनेकांनी परस्परांत, थांबून थांबून, पुनःपुन्हा केलेली क्रिया हाच त्यांचा अर्थ. याउलट 'कवायत' म्हणजे आज्ञेबरहुकूम सर्वांनी एकदम करावयाची क्रिया. सुट्टीत कवायत घेतली म्हणजे खेळ झाला, ही समजूत म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे. आज्ञेची वाट पाहणारे मूल त्या वेळी उभेच असते.

असल्या क्षणिक हालचालींची नोंद कशी करावी? पूर्वप्राथमिक वयासाठी रूढ असलेल्या एका पद्धतीत निरीक्षक एकाच मुलाकडे पाच सेकंद पाहतो व पुढील पंचवीस सेकंदांत नोंद करतो. हालचालीच्या पायऱ्या पाच : निश्चल, जागच्या जागी हातपाय वा धड हलविणे, संथ, मध्यम, जलद. खेळाचे नाव येथे गौण आहे. एकटेच माती उकरणारे मूलही नोंदीत येते.

भाषाभ्यासकास या पद्धतीचे महत्त्व नवेगाव बांधसारख्या गावी विशेष जाणवावे. झाडीपट्टीतील या परिसरात झाडीबोली व गोंडी या घरच्या भाषा आहेत. प्रमाण मराठीतील प्रश्नापुढे गप्प राहिलेले मूल 'मंद' ठरविले जाण्याचा धोका तेथे खराच आहे. पाच सेकंदांच्या नोंदीला मात्र उत्तराची अपेक्षा नसते. अर्थात विदर्भातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर चढतो आणि पावसाळ्यात अंगणात चिखल होतो. तेव्हा एकाच ऋतूतील निरीक्षणावरून मुलाचा स्वभाव ठरवू नये.

'अंगणवाडी' या नावाचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे काम करताना, बालवाडीकडे न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ती त्यांच्याच पाड्यांवरील अंगणांत नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हे नाव देशभर पोहोचले. या समासातील पूर्वपद जागेचे वाचक आहे. म्हणून निरीक्षणपत्रात मुलाच्या हालचालीशेजारी आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : मोकळी जागा किती होती, ती सावलीत होती काय, आणि गरम आहारासाठी मुले किती वेळ रांगेत बसून होती.